मदतकार्य, निसर्ग आणि खेळकर कल्पना: तिन्हींची छायाचित्रे एका संग्रहात आणताना पाळायचा क्रम

एखाद्या स्वयंसेवी गटाने वर्षभरात काढलेली छायाचित्रे प्रदर्शनासाठी किंवा दिनदर्शिकेसाठी एकत्र केली की त्यांचे तीन ढीग सहज पडतात: मदतकार्याची, निसर्गाची आणि गंमत म्हणून रचलेली. अशा निवडीला बसल्यावर मला वारंवार एकच गोष्ट दिसते. वगळावी लागणाऱ्या छायाचित्रांपैकी थोडीच तांत्रिक कारणाने वगळावी लागतात. बहुतेकांत एका प्रकारची सवय दुसऱ्या प्रकारात शिरलेली असते. गमतीच्या छायाचित्रात वस्तू हलवून दृश्य रचणे हेच काम असते, म्हणून तीच सवय घेऊन कोणी मदतवाटपाच्या रांगेत जातो आणि ‘जरा पिशवी वर धरा, इकडे बघा’ असे सांगू लागतो. निसर्गात लपून, लांबच्या लेन्सने टिपणे योग्य असते, म्हणून तोच माणूस निवारा छावणीतही न विचारता लांबून टिपत राहतो. आणि माणसांच्या जवळ जाऊन काम करण्याची सवय झालेला घरट्याच्याही जवळ जातो. पुढचे टप्पे ही सरमिसळ टाळण्यासाठी लिहिले आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

१. निघण्यापूर्वी: आपण काय बदलू शकतो, हे लिहून ठेवा

कॅमेरा पिशवीत भरण्याआधी वहीत एका ओळीत उत्तर लिहावे: आज समोरच्या दृश्यात मला काय बदलण्याची मुभा आहे? मदतकार्यात घडत असलेल्या कामातले काहीही बदलता येत नाही. निसर्गात तर आपण आलो आहोत याचा परिणामही दृश्यावर होता कामा नये. खेळकर रचनेत सगळे बदलता येते. अट एवढीच, की रचलेले दृश्य रचलेले म्हणूनच दाखवले जाईल. एकाच दिवशी दोन प्रकारची कामे असतील, उदाहरणार्थ सकाळी छावणीतले आरोग्य शिबिर आणि दुपारी तिथल्याच मुलांसोबत सावल्यांचा खेळ, तर दोन्हींसाठी वेगवेगळी मेमरी कार्डे वापरावीत. एका कार्डावर मिसळलेली छायाचित्रे दोन महिन्यांनी वेगळी करताना ‘हे खरेच घडत होते की आपण करायला सांगितले होते’ याचे उत्तर आठवत नाही.

यानंतर हव्या असलेल्या दहा-बारा चौकटींची यादी करावी. मदतकार्याच्या यादीत कामाचे टप्पे असावेत: साहित्य उतरवणे, नोंदणी, वाटप, दुरुस्ती, रिकामी झालेली जागा झाडणे. ‘रडणारे मूल’ किंवा ‘कृतज्ञ वृद्धा’ अशा नोंदी यादीत आल्या असतील तर त्या तिथेच खोडाव्यात, कारण मनात आधीच ठरवलेला चेहरा शोधत फिरणारा माणूस समोर चाललेले काम पाहू शकत नाही.

२. कॅमेऱ्याची मांडणी

हा टप्पा लहान आहे, पण तो घरीच उरकावा. कॅमेरा आणि फोन यांची घड्याळे जुळवावीत, म्हणजे दोन्हींची छायाचित्रे पुढे वेळेनुसार एका ओळीत लागतील. कार्डावरील जुना मजकूर दोन ठिकाणी उतरवला असल्याची खात्री करून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. रॉ (सेन्सरने टिपलेली माहिती राखणारी मूळ फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून लहान केलेली फाइल) अशा दोन्ही स्वरूपांत नोंद ठेवावी. जेपेगमध्ये तांबडा, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगवाहिनीला उजेडाच्या २५६ पायऱ्या मिळतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. तंबूतला अंधार आणि बाहेरचे ऊन एकाच चौकटीत आल्यावर हा फरक कामाला येतो.

तपासणी: फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद चालू आहे का, ते पाहा. छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडून राहतात आणि मूळ फाइल हाती लागलेल्या कोणालाही ते वाचता येतात. आश्रयाला आलेल्या कुटुंबाच्या आणि दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याच्या बाबतीत ही नोंद सारखीच धोकादायक आहे. दोन्हीकडे ती बंद ठेवावी.

३. मदतकार्याच्या ठिकाणी: आधी परवानगी, मग ओळख, शेवटी कॅमेरा

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात आणि त्या दुरुस्तही करता येत नाहीत, म्हणून येथे घाई करू नये. आपत्तीतील मदतकार्यासाठी रेडक्रॉस व रेडक्रेसंट चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्या दहा तत्त्वांपैकी दहावे तत्त्व थेट प्रसिद्धीविषयी आहे: माहिती, प्रसिद्धी आणि जाहिरात यांत आपद्ग्रस्तांना हताश वस्तू म्हणून न दाखवता सन्मान असलेली माणसे म्हणून दाखवावे. छायाचित्र काढणाऱ्याला या एका तत्त्वातून जवळजवळ सगळे नियम काढता येतात.

पोहोचल्यावर प्रथम कामाच्या समन्वयकाला भेटावे आणि कुठे कॅमेरा चालणार नाही, ते विचारून घ्यावे. उपचाराची जागा, समुपदेशनाची जागा, स्तनपानाचा आडोसा आणि नोंदणीच्या टेबलावरचे कागद या चार गोष्टी साधारणपणे वर्ज्यच समजाव्यात. नोंदणीच्या कागदांचा विसर विशेषकरून पडतो. हसऱ्या स्वयंसेवकाच्या छायाचित्रात त्याच्या कोपराखालची नावांची यादी स्पष्ट वाचता येते, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढू नये. बसावे, बोलावे, जमल्यास खोकी उचलायला हात लावावा.

संमती दोन वेगळ्या प्रश्नांनी घ्यावी. ‘तुमचा फोटो काढू का?’ हा पहिला प्रश्न झाला. ‘हा फोटो आम्ही प्रदर्शनात, छापील पत्रकात आणि इंटरनेटवर लावू शकतो का?’ हा दुसरा. पहिल्याला होकार म्हणजे दुसऱ्याला होकार नव्हे, आणि इंटरनेटवर गेलेले छायाचित्र पूर्णपणे परत घेता येत नाही, हेही सोप्या शब्दांत सांगावे. लेखी अर्ज शक्य नसेल तर त्या व्यक्तीच्या परवानगीने तिच्याच भाषेत होकार ध्वनिमुद्रित करावा आणि फाइलचा क्रमांक वहीत लिहावा.

सावधान: मदत मिळण्याआधी संमती मागू नये. हातात अजून धान्य, औषध किंवा पांघरूण पडलेले नसताना रांगेतला माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. मदत हातात आल्यावर, रांगेपासून बाजूला, आणि शक्यतो वाटप करणारा अधिकारी जवळ नसताना विचारावे. नकार मिळाला तर आभार मानून निघावे. कारण विचारू नये.

अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक, ही १९८९ च्या बालहक्क करारातली व्याख्या येथेही धरावी. पालकाची संमती घ्यावी आणि मुलालाही विचारावे. पालक हो म्हणत असताना मूल तोंड फिरवत असेल तर छायाचित्र काढू नये. हिंसा, अत्याचार किंवा ज्या आजारामुळे वाळीत टाकले जाण्याची भीती असते असा आजार, यांच्याशी संबंध असलेल्या मुलाचा चेहरा संमती असली तरी दाखवू नये. डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपत नाही. कपडे, केस, मागची भिंत आणि शेजारी उभे असलेले भावंड पाहून परिसरातला माणूस क्षणात ओळखतो. अशा वेळी हात, पाठमोरी आकृती किंवा जमिनीवर पडलेली सावली अशी चौकट सुरुवातीपासूनच निवडावी.

प्रत्यक्ष टिपताना कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. बसलेल्या माणसासाठी आपणही बसावे. उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यातून प्रत्येकजण लहान आणि असहाय दिसतो. देणारा आणि घेणारा अशी दोनच पात्रे असलेली चौकट एकदा टिपून थांबावे आणि नंतर ज्यांच्यावर संकट आले तेच लोक जे काम करत असतात, म्हणजे पाणी वाटणारी मुलगी, छत बांधणारे शेजारी, मोठ्या पातेल्यात ढवळणारा माणूस, त्यांच्याकडे वळावे. बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त काम हेच लोक करत असतात आणि संग्रहात तेच सर्वांत कमी दिसतात.

प्रकाशाची एक अडचण या ठिकाणी हमखास येते. निळ्या किंवा हिरव्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे दिसतात, आणि ताडपत्रीतून तांबडा प्रकाश फारसा उतरतच नसल्यामुळे नंतर रंगसंतुलन बदलूनही त्वचा पूर्ण नैसर्गिक होत नाही. चाललेल्या कामाचे छायाचित्र असेल तर आपण स्वतः जागा बदलून ताडपत्रीच्या कडेशी, मोकळ्या आकाशाचा प्रकाश जिथे येतो तिथे काम येण्याची वाट पाहावी. व्यक्तिचित्र असेल, आणि समोरच्याला ते माहीत असेल, तर कडेला येऊन बसण्याची विनंती करायला हरकत नाही. मात्र वहीत ‘व्यक्तिचित्र’ अशी नोंद करावी.

सावधान: बचावकार्य चालू असलेल्या भागात हौशी ड्रोन उडवू नये. ड्रोन हवेत दिसला की हेलिकॉप्टरला उड्डाण थांबवावे लागू शकते.

तपासणी: जागा सोडण्यापूर्वी प्रत्येक निवडक छायाचित्र संबंधित व्यक्तीला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवा. तिला आवडले नाही तर तिच्यासमोरच त्यावर वगळण्याची खूण करा.

४. निसर्गात: अंतर आधी, चौकट नंतर

येथे संमती मागता येत नाही, म्हणून प्राण्याची हालचाल हेच उत्तर समजावे. पक्षी खाणे थांबवून मान वर करतो, एकसारखा इशाऱ्याचा आवाज काढतो, चोचीत भक्ष्य धरून घरट्यापासून दूर बसून राहतो: यांपैकी काहीही दिसले तर आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत. आल्या पावली, पण सावकाश मागे सरावे. दृश्य मोकळे करण्यासाठी घरट्यासमोरची फांदी वाकवणे किंवा तोडणे ही या टप्प्यातली सर्वांत वाईट चूक आहे; ती फांदी पिलांना ऊन आणि शिकारी पक्ष्यांची नजर या दोन्हींपासून आडोसा देत असते. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणेही टाळावे, कारण प्रतिस्पर्धी आला असे समजून तो पिले व खाणे सोडून हद्द राखायला धावतो.

तंत्राचा क्रम असा ठेवावा: प्रथम प्रकाशाची दिशा, मग पार्श्वभूमी, मग शटरचा वेग, आणि झूम सर्वांत शेवटी. उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद वेग लागतो. वाहते पाणी रेशमासारखे दिसायला हवे असेल तर पाव ते एक सेकंद आणि ट्रायपॉड. ओल्या पानांवरची चमक कमी करण्यासाठी लेन्सवर ध्रुवक (पोलरायझर) फिल्टर वापरावा. निळ्या आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक होतो. रुंद लेन्सवर मात्र त्यामुळे आकाशाचा एकच पट्टा गडद होतो, तेव्हा तिथे तो काढून ठेवावा.

कीटक आणि फुले यांच्या जवळच्या छायाचित्रांत वारा हा मुख्य शत्रू असतो. पहाटे तो कमी असतो आणि थंडाव्यामुळे कीटकही सुस्त असतात, म्हणून हे काम दिवसाच्या सुरुवातीला ठेवावे. दुपारी कीटक पकडून गार करून बसवण्याचे प्रकार कोणी सुचवले तर ऐकू नयेत.

तपासणी: निघताना मागे वळून पाहा. आपण आलो होतो हे गवतावरून, दगडांवरून किंवा फांद्यांवरून कळते आहे का?

५. खेळकर रचना: मोजून मांडा, मग खेळा

गमतीचे छायाचित्र उत्स्फूर्त दिसते, पण ते सहसा मोजमापावर उभे असते, आणि इथे लोकांचे अपयश येते ते मोजण्याचा कंटाळा केल्यामुळे. तीन रचना सविस्तर सांगतो.

पहिली, लहान वस्तू मोठी दाखवण्याची. दिसणारा आकार हा उंचीला अंतराने भागून मिळतो. दहा सेंटिमीटर उंचीचे खेळणे लेन्सपासून साठ सेंटिमीटरवर ठेवले तर ते दहा मीटर दूर उभ्या असलेल्या, सुमारे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाएवढे दिसते. आता दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र (अॅपर्चर) एफ १६ आणि फोकस सुमारे सव्वा मीटरवर ठेवला की साधारण साठ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. बहुतेक लोक खेळण्यावर फोकस करतात, मागचा माणूस धूसर होतो आणि भ्रम तिथेच तुटतो. कॅमेरा जमिनीलगत आणून खेळण्याचे पाय आणि माणसाचे पाय एकाच रेषेत आणायला विसरू नये.

दुसरी, सावल्यांची. सावलीची कड स्पष्ट हवी असेल तर दिवा लहान हवा. मोठी ट्यूब किंवा अनेक दिवे एकत्र असतील तर कड विरघळते. दिव्यापासून भिंत तीन मीटरवर आणि हात एक मीटरवर असेल तर सावली हाताच्या तिप्पट होते. हात दिव्याकडे नेला की सावली मोठी होते पण धूसरही होते, म्हणून आधी भिंतीवर हवा तो आकार ठरवावा आणि त्यानुसार हाताची जागा जमिनीवर खडूने आखावी. मुलांना ही खडूची रेघ फार आवडते.

तिसरी, स्थिरचित्रांतून हालचाल दाखवण्याची. एका सेकंदाला बारा चित्रे धरली तर दहा सेकंदांच्या तुकड्यासाठी १२० छायाचित्रे लागतात. फोकस, प्रकाशमान (एक्सपोजर) आणि रंगसंतुलन तिन्ही हाताने कायम करून मगच पहिले चित्र घ्यावे. ते स्वयंचलित राहिले तर तयार चित्रफीत दिव्यासारखी लुकलुकते. खिडकीतले ऊन ढगांबरोबर बदलत असते, तेव्हा पडदा ओढून दिव्यावर काम करावे.

सावधान: निसर्गातल्या वस्तूंपासून आकृती रचताना गळून पडलेली पाने, बिया आणि काटक्याच घ्याव्यात. ओढ्यातले दगड काढून मनोरे रचू नयेत. त्या दगडांच्या खालच्या बाजूला कीटकांच्या अळ्या आणि माशांची अंडी असू शकतात. तसेच खेळातल्या रुग्णवाहिकेवर किंवा डॉक्टरच्या पोशाखावर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस रंगवू नये. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेले ते चिन्ह आहे. गमतीतला त्याचा वापर जिथे त्याच्यावर जीव अवलंबून असतात तिथली त्याची ओळख पातळ करतो. हिरवा किंवा निळा रंग, किंवा औषधाच्या बाटलीचे चित्र तेवढेच काम करते.

संकटातून आलेल्या मुलांबरोबर हे खेळ करत असाल तर कॅमेरा काही वेळ त्यांच्याच हातात द्यावा. जमिनीपासून तीन फुटांवरून दिसणारे जग संग्रहात येते, आणि ती छायाचित्रे प्रदर्शित करताना टिपणारा म्हणून श्रेय मुलाकडे जाते. नाव द्यायचे की टोपणनाव, हे मात्र तिसऱ्या टप्प्यातल्या नियमांनी ठरवावे.

६. परतल्यावर: प्रत, मग चित्रओळ, मग निवड

लोक नेमके उलटे करतात: आधी निवडतात, सुधारतात, पाठवतात, आणि चित्रओळ, म्हणजे छायाचित्राची माहिती देणारी ओळ, शेवटी आठवून लिहितात. त्या रात्रीच तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वेगळ्या जागी. तोपर्यंत कार्ड पुसू नये. एखादे छायाचित्र चुकून पुसले गेले असेल तर त्या कार्डावर पुढे काहीही टिपू नये. नवी नोंद त्यावर चढली नाही, तोवर ते परत मिळण्याची शक्यता असते.

लगेच दुसऱ्या दिवशी चित्रओळी लिहाव्यात. कोण, काय करत आहे, कुठे, केव्हा, आणि हे घडत असलेले होते की रचलेले, ही पाच उत्तरे प्रत्येक ओळीत हवीत. ‘आशेचा किरण’ किंवा ‘निरागस हास्य’ यांतून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गातला गाळ काढताना विद्यार्थी आणि पालक’ यातून सगळे कळते. ओळ फाइलच्या आतल्या वर्णनाच्या रकान्यात भरावी, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी ती सोबत जाते. संमतीच्या नोंदीचा क्रमांक मात्र फाइलमध्ये न भरता आपल्या वहीत किंवा स्वतंत्र तक्त्यात ठेवावा.

पाचव्या उत्तराबाबत कडक राहावे. २००९ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला मिळालेले सर्वोच्च पारितोषिक पुढे काढून घेण्यात आले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. छायाचित्र सुंदरच होते. ज्या प्रकारात ते ठेवले गेले, त्या प्रकारात ते बसत नव्हते.

७. सुधारणा आणि मांडणी

मदतकार्य आणि निसर्ग यांत उजेड, रंगसंतुलन, साधी कातरणी आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणे एवढ्यावर थांबावे. चौकटीतली वस्तू काढणे किंवा घालणे वर्ज्य. आकाश इतके गडद करणे, की दुपार वादळासारखी दिसेल, हेही वर्ज्यच मानावे. २०१५ च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत अंतिमपूर्व फेरीत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २० टक्के छायाचित्रे मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर अशाच फेरफारांमुळे बाद झाली. मूळ रॉ फाइल जपून ठेवण्याचे हेही एक कारण आहे. खेळकर रचनांत हवे ते करावे.

छपाईसाठी १२ बाय १८ इंचांच्या प्रतीला ३०० ठिपके प्रतिइंच घनतेने ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. भिंतीवर दोन पावलांवरून पाहायच्या प्रतीला २४०० बाय ३६०० पुरतात. फार कातरलेली चौकट यात बसत नाही, म्हणून आकार ठरवल्यावरच अंतिम निवड करावी.

भिंतीवर तिन्ही प्रकार मिसळून लावण्याचा मोह आवरावा. छावणीतल्या आजारी माणसाशेजारी खेळण्यातला राक्षस आला की दोन्हींचा अपमान होतो. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र जागा द्यावी आणि रचलेल्या छायाचित्रांच्या दालनाशी तसे ठळक अक्षरांत लिहावे. इंटरनेटवर ठेवणार असाल तर दृष्टिहीन वाचकांसाठी प्रत्येक चित्राचे एका-दोन वाक्यांत वर्णन जोडावे.

अंतिम तपासणी: प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संमतीची वही समोर घेऊन भिंतीवरच्या प्रत्येक माणसाचा क्रमांक जुळवा. जुळला नाही तर चौकट उतरवा, मग ते संग्रहातले सर्वांत चांगले छायाचित्र का असेना. कोणी नंतर संमती मागे घेतली तर कोणाशी बोलायचे, हे दाराशी आणि पत्रकावर लिहा. छपाईची मागणी देतानाच ज्यांची छायाचित्रे आहेत त्यांच्यासाठी एकेक लहान प्रत मागवा आणि प्रदर्शन उघडण्यापूर्वी ती त्यांच्या हातात पोहोचवा. संकटात घर गेलेल्या कुटुंबाकडे कित्येकदा स्वतःचे एकही छायाचित्र उरलेले नसते.